घरी गाडी उचलताना : रॅम्प आणि घोडी निवडण्यापासून गाडी खाली घेईपर्यंत

जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये, हे सातारा-सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. तरीही दर चार-सहा महिन्यांनी एखाद्या ओळखीच्या घरासमोर मला तेच दिसतं. पुढचं चाक काढलेलं, खाली जॅक, जॅकशेजारी चार विटा रचलेल्या आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. विचारलं की कळतं, घोडी घरात आहे. पैसे देऊन आणलेली आहे. पण ती गाडीखाली बसलीच नाही, म्हणून विटा लावल्या.

बहुतेक ठिकाणी गडबड इथंच होते. दुकानात ‘किती टनी पाहिजे?’ एवढाच प्रश्न विचारला जातो आणि आपणही मोठा आकडा सांगून मोठी घोडी घेऊन येतो. उंचीचा हिशोब कुणी केलेला नसतो. म्हणून हा लेख जॅक मारण्यापासून नाही, मोजपट्टीपासून सुरू होतो. क्रम बदलू नका. मधल्या तपासण्या गाळू नका.

(घोडी म्हणजे गाडी उचलल्यावर तिच्याखाली ठेवायचा लोखंडी स्टँड. आपल्याकडं गॅरेजात हाच शब्द चालतो, मीही तोच वापरतो.)

१. आधी काम ठरवा, मग साधन

चाक काढायचं आहे का? सगळं या एका प्रश्नावर ठरतं.

इंजिन ऑइल बदलणं, सायलेन्सरचा क्लॅम्प आवळणं, ऑइलच्या चेंबरला गळती आहे का पाहणं, पावसाळ्यानंतर गाडीखालचा चिखल धुऊन काढणं, या कामांना चाक काढावं लागत नाही. इथं रॅम्प, म्हणजे चाकं चढवायचा पक्का चढ, उत्तम. गाडीचं वजन टायरवरच राहतं, पत्र्याला कुठंही जॅक लागत नाही.

ब्रेक पॅड, ब्रेक ड्रम, शॉकअप, व्हील बेअरिंग, या कामांना रॅम्प निरुपयोगी आहे. तिथं जॅक आणि घोडीच लागते.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे : घोड्यांची जोडी आणि ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा जॅक) आधी घ्या. रॅम्पला जागा फार लागते. साताऱ्याच्या पेठांमधल्या बोळात किंवा सांगलीतल्या जुन्या वाड्याच्या दारात गाडी सरळ रेषेत रॅम्पवर चढवायला पुढं-मागं मोकळी जागा मिळत नाही. तिरकी गाडी रॅम्पवर घेणं हा दुसराच धोका.

गाडीबरोबर डिकीत येणारा स्क्रूचा जॅक फक्त रस्त्यात स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याचा तळ हातभरही नसतो. घरच्या कामासाठी तो या लेखात कुठंही धरलेला नाही.

२. दुकानात जाण्याआधी मापं घ्या

एक टेप, एक कागद. गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर असू द्या.

पहिलं माप वजनाचं. ते आरसीवर ‘अनलेडन वेट’ म्हणून किलोत छापलेलं असतं. समजा ९०० किलो आहे. पुढं इंजिन असलेल्या छोट्या गाडीत साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे ५४० किलो. पुढून उचलून दोन घोड्यांवर ठेवली तर प्रत्येकीवर २७० किलो. या हिशोबानं २ टनी जोडीही पुष्कळ होते. मग ६ टनी घेण्यात बिघडलं काय? ते पुढच्या मापात कळेल.

दुसरं माप जॅक पॉइंटच्या उंचीचं. दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर, पुढच्या चाकाच्या थोडं मागं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढं, प्रत्येक ठिकाणी जवळजवळ दोन खाचा किंवा खुणा असतात. प्रत्येक जोडीतल्या दोन खाचांमधला भाग आतून मजबूत केलेला असतो. जमिनीपासून त्या कडेपर्यंत टेप लावा. छोट्या गाड्यांत ही उंची साधारण २० सेंटीमीटरच्या आसपास येते.

तिसरं, जॅक किती वर जातो. बाजारात सहज मिळणारे छोटे २ टनी ट्रॉली जॅक साधारण १३ सेंटीमीटरपासून सुरू होतात आणि ३३ सेंटीमीटरच्या आसपास संपतात.

चौथं, घोडीची सर्वांत कमी उंची. गाडीखाली ती बसणार की नाही, ते या मापावर ठरतं. अनेक ३ टनी घोड्या २८-३० सेंटीमीटरपासून सुरू होतात. ६ टनी घोड्या ४० च्या आसपास.

आता हे आकडे शेजारी ठेवा. जॅक गाडी नेणार ३३ पर्यंत आणि घोडी सुरूच होणार ४० पासून. ती घोडी त्या गाडीखाली जाणार नाही. मग माणूस जॅकखाली फळी घालतो, फळीखाली वीट घालतो, किंवा घोडी बाजूला ठेवून नुसत्या विटा रचतो. जास्त टनाची घोडी जास्त सुरक्षित, हा समज अशा वाटेनं विटांपर्यंत पोचतो.

नियम : घोडीची कमीत कमी उंची जॅकच्या जास्तीत जास्त उंचीपेक्षा किमान ४-५ सेंटीमीटर कमी हवी. हॅचबॅक आणि सेडानसाठी ३ टनी, कमी उंचीची घोडी. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टासाठी ३ टनी जॅक आणि थोडी उंच घोडी, कारण या गाड्यांची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मुळातच जमिनीपासून उंच असते.

थांबा आणि तपासा : चारही आकडे कागदावर आहेत का? एखादा आकडा ‘अंदाजे असेल’ असा असेल तर दुकानात जाऊ नका.

३. घेताना काय बघायचं

घोडी दोन प्रकारची मिळते. दात्यांची, म्हणजे दांडा वर ओढला की कट-कट करत चढणारी आणि खटक्यावर अडकणारी. आणि पिनची, म्हणजे नळीच्या भोकातून जाड पिन आरपार घालायची.

मी पिनची पसंत करतो. उंची बदलायला वेळ लागतो, पण पिन आरपार गेली की नाही हे डोळ्यांना दिसतं. दात्यांच्या घोडीत खटका पूर्ण बसला की अर्धवट अडकला, हे पटकन कळत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीनं ३ टनी आणि ६ टनी घोड्या मोठ्या संख्येनं परत मागवल्या, त्या याच कारणानं. खटका दात्यांत पुरेसा खोल बसत नव्हता आणि वजन असताना घोडी अचानक खाली येण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या घोड्यांपैकी काहींचं वेल्डिंगही सदोष निघालं. दात्यांची घ्यायचीच असेल तर खटक्याशिवाय वेगळी लॉक पिन असलेली घ्या.

दुकानात घोडी सपाट फरशीवर ठेवून हलवा. चारही पाय टेकतात का? डगमगते का? पायांची वेल्डिंग एकसारखी, सलग आहे की ठिपक्या-ठिपक्यांची? दांडा नळीत किती सैल आहे? वर छापलेली क्षमता एका घोडीची आहे की जोडीची? ‘३ टन’ हा आकडा पुष्कळदा जोडी मिळून असतो. तळ जितका रुंद तितकी घोडी बरी, कारण खाली झोपून जाम झालेल्या नटावर जोर लावला की सगळा धक्का तिच्या तळावर येतो.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतून फॅब्रिकेशन करून घेऊ का, असं मला नेहमी विचारतात. रॅम्प करून घ्या, हरकत नाही. चेकर्ड प्लेट, खाली अँगलचा सांगाडा, मध्ये आडवे-तिरपे आधार, वरच्या टोकाला टायर अडवणारी उभी पट्टी. त्यात हलणारा भाग नाही आणि तळ लांबरुंद असतो. घोडी मात्र करून घेऊ नका. तिचा सगळा भार एका पिनेवर किंवा एका खटक्यावर असतो. मी एका ठिकाणी पिनेऐवजी बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलेली घोडी पाहिली आहे. ती सळई मधोमध वाकलेली होती आणि वर गाडी होती.

रॅम्पचं माप घेताना टायरची रुंदी बघा. वरचा सपाट भाग टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर रुंद हवा. चढ जितका लांब तितका सोपा. आखूड चढाच्या रॅम्पवर टायर पोचायच्या आधी बंपर घासतो. शक्य असेल तर गाडी दुकानापर्यंत नेऊन रॅम्प टायरला टेकवूनच बघा.

आणखी तीन वस्तू लागतात. चाकाला लावायच्या चार पाचरी, लाकडी किंवा रबरी, चार-पाच इंच उंच. घोडीच्या डोक्यावर ठेवायचे खाच असलेले रबरी ठोकळे, म्हणजे पत्र्याची कड खाचेत बसते आणि दुमडत नाही. १८ किंवा १९ मिलिमीटर प्लायवुडचे दोन चौरस तुकडे, घोडीच्या तळापेक्षा मोठे. ते कशासाठी, ते पुढं येतं.

४. जमीन

मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर राहतो, भाऊ सांगलीला विश्रामबागेत. दोघांच्या अडचणी वेगळ्या.

साताऱ्यात उताराची अडचण आहे. घरासमोरचा रस्ता, अंगण, कधी कधी पार्किंगसुद्धा उतरतं असतं. एक मीटरची सरळ पट्टी किंवा पाइप जमिनीवर ठेवा, वर लेव्हलची बाटली ठेवा आणि पट्टी समपातळीत येईपर्यंत एक टोक उचला. जमिनीपासून ते टोक २ सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलावं लागलं तर त्या जागी मी गाडी उचलत नाही. पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला थोडा ढाळ चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर सपाट जागा असलेल्या मित्राकडं जा.

सांगलीत जमीन मऊ असते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला पातळ कोबा किंवा शहाबादी फरशी खालून पोकळ राहते. फरशीवर काठीनं ठोकून बघा. भद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. घोडीचे चार पाय म्हणजे चार छोटे ठिपके, ती फरशी फोडून ते खाली जाऊ शकतात. पेव्हिंग ब्लॉकवरही तेच. एखादा ब्लॉक खचला की घोडी कलते. अशा ठिकाणी घोडीखाली प्लायवुडचा तुकडा घाला, म्हणजे वजन पसरतं. पोकळ फरशीवर मात्र प्लायवुड घालूनही उचलू नका. मुरुमावर किंवा मातीवर तर नाहीच.

ट्रॉली जॅकला सपाट, कडक जमीन लागण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी जण लक्षात घेतात. गाडीचं एक टोक वर जातं तेव्हा ते सरळ वर जात नाही, कमानीत जातं. जॅकचा दांडाही कमानीतच फिरतो. हा फरक जॅकनं स्वतःच्या चाकांवर थोडं सरकून भरून काढायचा असतो. चाक खडीत किंवा दोन ब्लॉकमधल्या फटीत अडकलं तर जॅक सरकत नाही, जॅकची वाटी जॅक पॉइंटवरून घसरते. म्हणून जॅकच्या पुढचा-मागचा अर्धा मीटर झाडून घ्या. एक खडाही नको.

तेलाचा डाग असेल तर पुसून काढा. पावसात ओल्या गुळगुळीत टाइल्सवर काम करू नका.

५. गाडी कुठल्या चाकानं धरून ठेवली आहे?

इथं घाई करू नका. अपघात बहुतेक वेळा इथं पेरला जातो आणि दिसतो नंतर.

हँडब्रेक आपल्या बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो. गियरमध्ये गाडी ठेवली तर ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती चाकं अडतात. हे दोन वेगळे अटकाव आहेत. उचलताना त्यातला कुठला शिल्लक राहतो, ते आपल्या गाडीसाठी आधी ठरवा.

स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन, टियागो, नेक्सॉन, अर्टिगा : पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या. पुढून उचलली की गियरचा अटकाव गेला, मागचा हँडब्रेक राहिला. मागून उचलली की हँडब्रेक गेला, पुढचा गियर राहिला.

आणि यात एक फसवी गोष्ट. पुढचं फक्त एक चाक उचललं, दुसरं जमिनीवर आहे, गाडी पहिल्या गियरमध्ये आहे. गाडी अडेल असं वाटतं. अडत नाही. डिफरन्शियलमुळं, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गियरमुळं, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. म्हणजे एक चाक उचललं तरी गियर गेलाच.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, ईको, जुनी ओम्नी : मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्या. यांना मागून उचललं की हँडब्रेक आणि गियर दोन्ही एकदम जातात. चार चाकांपैकी जमिनीवर उरतात ती दोन पूर्ण मोकळी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या ओम्नीचा मागचा ब्रेक पाहायचा होता. हँडब्रेक कडक ओढला, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली, ट्रॉली जॅक मागच्या एक्सलखाली घालून दोन्ही चाकं उचलली. ‘दादा, गाडी हलतेय,’ असं भाऊ म्हणेपर्यंत ती जॅकसकट उताराला लागली होती, कारण जॅकलाही चाकं असतात. चार-पाच फुटांवर ती जॅकवरून उतरली. आम्ही दोघं बाजूला होतो आणि चाक अजून काढलेलं नव्हतं, म्हणून एवढ्यावर भागलं. उतार फारसा नव्हता, चालताना जाणवतही नव्हता.

म्हणून नियम गाडीगणिक बदलत नाही : ज्या टोकाला उचलणार त्याच्या विरुद्ध टोकाच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, अशा चार पाचरी. हँडब्रेक आणि पहिला गियर (ऑटोमॅटिक असेल तर पी) त्याशिवाय. पाचर हातोडीनं हलकेच ठोकून टायरला चिकटवा. घाटात ट्रकवाले चाकाला दगड लावतात ते आपण पाहतो, पण गोल दगड फरशीवर घसरतो. घरी दगड नको.

थांबा आणि तपासा : गाडीला बाजूनं खांदा लावून पुढं-मागं ढकला. सेंटीमीटरभरही सरकली तर पाचरी पुन्हा लावा.

६. रॅम्पवर चढवताना

एक माणूस गाडीत, एक बाहेर बाजूला. रॅम्पच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही.

रॅम्प दोन्ही टायरच्या अगदी मध्यात, एकमेकांना समांतर. स्टिअरिंग सरळ. टायर रॅम्पच्या टोकाला पहिल्यांदा टेकतो तेव्हा रॅम्पवर वजन नसतं, म्हणून तो पुढं पळतो. गुळगुळीत टाइल्सवर तर हमखास. रॅम्पखाली रबरी मॅट अशी घाला की तिचं टोक टायरखालीही येईल. टायरनं मॅट दाबली की रॅम्प धरून ठेवला जातो.

मग क्लचवर, सावकाश, एकाच दमात. मध्येच अॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं ओढणारी गाडी रॅम्प मागं फेकते. मागची चाकं ढकलणारी गाडी रॅम्प पुढं रेटते. टायर वरच्या सपाट भागावर पोचला की गाडी किंचित खाली बसल्यासारखी वाटते, तिथं थांबा. अडवणाऱ्या पट्टीवर चढायचा प्रयत्न करू नका.

हँडब्रेक, पहिला गियर, इंजिन बंद, मागच्या चाकांना चार पाचरी. आता उतरून बघा : दोन्ही टायर मधोमध आहेत का, रॅम्प सरकला किंवा वाकला का. एक टायर कडेला आला असेल तर ‘चालतंय की’ म्हणू नका. गाडी खाली घ्या आणि पुन्हा चढवा.

इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर सायलेन्सर भाजेल इतका गरम असतो. ऑइलसाठी इंजिन कोमट हवं, गरम नको. अर्धा-पाऊण तास थांबा.

७. जॅक आणि घोडी

चाक काढणार असाल तर चाक जमिनीवर असतानाच नट पान्यानं अर्धा फेरा सैल करा, जास्त नाही. हवेतल्या चाकाच्या जाम नटावर जोर लावायचा म्हणजे गाडी हातानं घोडीवरून ढकलायची.

आता मुख्य अडचण. कडेच्या ज्या दोन खाचांमध्ये जॅक लागतो, तिथंच घोडीही लागायला हवी. एका जागी दोन्ही कसं बसणार? यामुळंही लोक घोडी सोडून देतात. मार्ग दोन आहेत. गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या किंवा मागच्या बाजूला मध्यभागी ट्रॉली जॅकची जागा दाखवलेली असेल तर तिथून उचला आणि घोड्या दोन्ही बाजूंच्या खाचांमधल्या भागाखाली ठेवा. दोन्ही घोड्या एकदम बसतात, गाडी तिरपी होत नाही. तशी जागा दिलेली नसेल तर जॅकची वाटी दोन खाचांमधल्या भागाच्या एका टोकाला आणि घोडी त्याच भागाच्या दुसऱ्या टोकाला बसते का, हे गाडी जमिनीवर असताना मोजून बघा. बसत नसेल तर हे काम घरी करू नका.

चासीवरच्या गाड्यांत हा प्रश्न येत नाही. बोलेरोला मागून उचलताना घोड्या एक्सलखाली, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जवळ ठेवा. पुढून उचलताना चासीच्या लांब बीमखाली.

कुठं लावायचं नाही ते पाठ करा : ऑइलचं चेंबर, गिअरबॉक्स, रेडिएटरखालची पट्टी, गाडीचा सपाट तळपत्रा, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या. सीएनजी गाडीत डिकीतल्या टाकीपासून इंजिनपर्यंत उच्च दाबाची नळी तळाखालून जाते, ती आधी टॉर्चनं शोधा. इलेक्ट्रिक गाडीत तळभर बॅटरी असते, तिथं पुस्तिकेत दाखवलेल्या बिंदूंशिवाय कुठंही काही टेकवू नका.

क्रम असा :

जॅकची वाटी बिंदूखाली मधोमध आणा, रबर किंवा लाकडाचा तुकडा घाला. टेकेपर्यंत पंप करा आणि थांबा. वाकून बघा, वाटी सरळ बसली का.

पाच-सात सेंटीमीटर उचला. पुन्हा थांबा. विरुद्ध टोकाच्या पाचरी, जॅकची चाकं आणि वाटी, तीनही गोष्टी बघा.

हव्या उंचीपर्यंत उचला. हवी उंची म्हणजे घोडी बसेल आणि काम होईल एवढीच, जॅक जाईल तिथपर्यंत नाही.

घोडी बाहेरून, हात लांब करून सरकवा. डोकं किंवा खांदा गाडीखाली जाऊ देऊ नका. दोन्ही घोड्या एकाच उंचीला, म्हणजे त्याच भोकात किंवा त्याच दात्यावर. दात्यांची असेल तर खटक्याचा दांडा हातानं खाली दाबून बघा आणि लॉक पिन घाला.

जॅकचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा. गाडी इतकी हळू बसली पाहिजे की मध्येच थांबवता येईल. घोडीचे चारही पाय पूर्ण टेकलेले दिसले पाहिजेत. एक पाय उचलला असेल तर पुन्हा वर घ्या, घोडी सरळ करा.

जॅक काढून टाकू नका. त्याच जागी, बिंदूला किंचित टेकेल इतका ठेवा. दुसरा आधार होतो, आणि वेळ आलीच तर तोच पटकन उचलायला हाताशी असतो.

बाटली जॅक वापरत असाल तर तो फक्त एक्सलसाठी किंवा चासीसाठी. त्याचं डोकं लहान आणि तळही लहान असतो, पत्र्याच्या कडेवर तो घसरतो. आडवा किंवा तिरका तर कधीच नाही.

चारही चाकं एकदम उचलायची गरज घरच्या कामात क्वचितच पडते. ती टाळा.

इशारा : वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक, जांभ्याचा चिरा, यांपैकी काहीही घोडीऐवजी किंवा घोडीखाली नको. वर ठेवल्यावर ते वजन पेलतात असं दिसतं, पण आधी इशारा न देता एका क्षणात फुटतात. लाकूड चिरताना आवाज करतं, लोखंड वाकतं. विटेला तो मधला वेळ नसतो.

८. खाली शिरण्याआधी

गाडी घोड्यांवर बसली की आधी बाहेरून हलवा. बोनेटच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावून आडवं, मग पुढं-मागं, काम करताना लागेल त्यापेक्षा जास्त जोरानं. घोडी सरकत, वाजत किंवा कलत असेल तर ते आत्ता कळू दे.

काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवा. सगळं फसलं तर गाडी आधी त्यावर बसेल. चाक काढलेलं नसेल तर स्टेपनी ठेवा. याला दहा सेकंद लागतात.

घरात कुणाला तरी सांगा की तुम्ही गाडीखाली आहात, आणि त्यांना दर काही मिनिटांनी हाक मारायला सांगा. मोबाइल खिशात ठेवू नका, हाताजवळ जमिनीवर ठेवा. खिशातला मोबाइल अडकलेल्या माणसाला काढता येत नाही. घरच्यांना ११२ आणि १०८ हे नंबर माहीत असू द्यात. मुलं आत, दार बंद, गाडीची किल्ली तुमच्याकडं.

गाडी वर असताना इंजिन सुरू करायचं नाही, दार आपटायचं नाही, कुणी आत बसायचं नाही. फार जोर लावायचा नट असेल तर पान्याला नळी लावून झटका देऊ नका. सलग, हळू दाब द्या. झटक्यानं घोडी सरकते.

सांगलीसाठी एक वेगळी सूचना. पुराची भीती असताना गाडी घोड्यांवर चढवून ठेवली तर वाचेल का, असं मला भावाच्या कॉलनीतल्या एकानं विचारलं होतं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या माणसाला हा विचार येणं साहजिक आहे. तसं करू नका. पाणी तळाला लागलं की गाडी हलकी होते, तरंगू लागते, आणि घोडीवरची पकड सुटते. शिवाय घोडीवरून पडून तळ फुटतो तो वेगळाच. पुराआधी गाडी उंच भागात नेऊन लावा. पूर ओसरल्यावर तळातला गाळ धुवायचा असेल तर पुराचं पाणी आलेली फरशी आठवडाभर तरी कोरडी होऊ द्या, मग काठीनं ठोकून बघा. खालची माती वाहून गेलेली असू शकते.

९. गाडी खाली घेताना

काम संपलं की लक्ष सुटतं. क्रम उलटा असला तरी तितकाच कडक आहे.

खालची सगळी हत्यारं, ट्रे, फडकी बाहेर काढा. मोजून काढा. चाक बसवा, नट हातानं लावा आणि पान्यानं टेकेपर्यंत फिरवा. पूर्ण आवळू नका. दाराखाली स्टेपनी ठेवली असेल तर ती घोडी निघेपर्यंत तिथंच.

जॅकनं गाडी एक-दोन सेंटीमीटर उचला, घोडीवरचा भार जाईपर्यंतच. दोन्ही घोड्या बाहेरून काढा. आता स्टेपनी काढा. व्हॉल्व्ह हळू उघडा. घाईत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह गाडी आपटवतो आणि तीच वेळ पायाचं बोट टायरखाली जाण्याची.

गाडी चाकांवर आली की नट समोरासमोरच्या जोडीनं, चांदणीसारखे आवळा. किती जोर, ते पुस्तिकेत न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना नसेल तर हाताच्या जोरानं आवळा, पान्यावर उभं राहू नका. जास्त आवळलेला नट पुढच्या वेळी हवेत सुटत नाही आणि मग सगळे झटके घोडीला बसतात.

रॅम्पवरून उतरताना आधी ब्रेक दाबून धरा. मग बाहेरच्या माणसाला मागच्या पाचरी काढू द्या आणि तो बाजूला झाल्यावरच हँडब्रेक सोडा. इंजिन सुरू करून रिव्हर्सवर, क्लचवर उतरा. न्यूट्रलवर घरंगळू देऊ नका. ऑइल बदललं असेल तर उतरण्याआधी नवीन ऑइल भरलेलं आहे ना, याची खात्री करा. डिपस्टिकनं पातळी मात्र सपाट जमिनीवर आल्यावरच बघा.

पाचरी सर्वांत शेवटी उचला. घोड्या धुऊन, पुसून, पिन त्यांच्यातच ठेवून कोरड्या जागी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पिन शोधताना सळई हाताला लागणार नाही. चाक काढलं असेल तर पन्नासेक किलोमीटरनंतर, म्हणजे साताऱ्याहून कराडला पोचल्यावर, चाकं गार होऊ द्या आणि नटांना पुन्हा एकदा पाना लावून बघा.